थोरल्या क्लबाचा चहा

सोमवारी सकाळी पेनफोल्ड सरांनी क्लबच्या भिंतीवरची चौकट उतरवली, ती निव्वळ काच पुसण्यासाठी. विटलफर्ड टाउन फुटबॉल क्लबचा शंभर वर्षांचा इतिहास त्यांनी लिहून पूर्ण केला होता. पुस्तकं छापून खोक्यांतून आलीही होती. शुक्रवारी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, कोल्डबीविरुद्धच्या सामन्याला ती वाटायची होती. त्या दिवशी चौकट तरी लख्ख दिसावी, एवढाच सरांचा हेतू.

चौकटीत क्लबच्या पहिल्या सभेच्या इतिवृत्ताचं पान होतं. 'मार्च १८९७. या गावात फुटबॉल क्लब स्थापन करावा, असा ठराव मांडण्यात आला.' एवढ्या वाक्यावर पान संपत होतं आणि गावाचा अभिमान सुरू होत होता. काच निघाली, पान हातात आलं. चाळीस वर्षं गावातल्या मुलांना 'पान उलटून बघा, प्रश्न मागेही असतात' असं सांगणाऱ्या सरांनी सवयीने पान उलटलं.

मागे लिहिलं होतं, 'ठराव चार विरुद्ध नऊ मतांनी फेटाळण्यात आला. फुटबॉलला इथली हवा फार गार आहे.' आणि त्याच्या खाली, कागद वाया जाऊ नये म्हणून, त्याच चिटणिसाने पुढची नोंद केली होती. 'ऑक्टोबर १८९९. ठराव पुन्हा मांडला. मंजूर. विरोध करणाऱ्या नऊ जणांपैकी सहा जण दरम्यान गाव सोडून गेले आहेत.'

सर खुर्चीत बसले. दोन वर्षांचा फरक एरवी कुणाच्या खिजगणतीत नसता. पण कोल्डबीचा क्लब होता १८९८ चा. तसं त्यांच्या फाटकावर दगडात कोरलेलंच होतं. हे दोन क्लब वर्षातून एकदाच भेटत आणि त्या भेटीचा एक जुना रिवाज होता. मैदान कुणाचंही असो, धाकट्या क्लबाने थोरल्याला चहा करून द्यायचा. नव्वदेक वर्षं कोल्डबीची माणसं आपला चहाचा बंब घेऊन डोंगर ओलांडून येत होती, आणि मध्यंतराला विटलफर्डची माणसं रांगेत उभी राहून एका सुरात म्हणत होती, "आण चहा, धाकट्या."

सरांनी क्लबच्या अध्यक्षाला बोलावून घेतलं. क्लाइव हॅगर्टी नळदुरुस्तीचं काम अर्धवट टाकून पान्यासकट आला. त्याने चष्मा लावून पान वाचलं, चष्मा काढला, आणि हलक्या आवाजात विचारलं, "सर, हे कुणी कुणी पाहिलंय?"

"तू आणि मी."

"म्हणजे कुणीच नाही."

"क्लाइव, सरळ बस."

पन्नास वर्षांचा क्लाइव सरळ बसला. चौथीत तो सरांच्या वर्गात होता आणि त्या खोलीतून तो अजून पुरता बाहेर पडला नव्हता.

"पुस्तकावर माझं नाव आहे," सर म्हणाले. "त्यात चूक आहे हे मला कळलंय. दुरुस्ती केलीच पाहिजे."

"करा ना. शनिवारी करा. शुक्रवारी माझं भाषण आहे हो. त्यात 'थोरला' हा शब्द अकरा वेळा येतो."

"मग दुसरा शब्द शोध."

"सर, आमच्या आजोबांनी 'आण चहा, धाकट्या' म्हटलं, वडिलांनी म्हटलं. आता मी अध्यक्ष असताना कोल्डबीवाले मला तसं म्हणणार? मी गावात कुणाचा नळ दुरुस्त करायला जाऊ?"

सरांनाही वाईट वाटलं. पण त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. दोनशे प्रती, दोनशे चिठ्ठ्या, सगळ्या हाताने, सगळ्या सुवाच्य. मंगळवारी त्यांनी त्या एकेका पुस्तकात घातल्या. पहिली प्रत त्यांनी डोरीनला स्वतः नेऊन दिली. पस्तीस वर्षं क्लबचं चहाघर सांभाळणाऱ्या बाईचा तेवढा मान होताच.

बाकीची खोकी आपल्या गाडीतून न्यायला क्लाइव फारच आनंदाने तयार झाला. "चौकटही मीच लावतो," तो म्हणाला. "तुम्ही कशाला शिडीवर चढता या वयात?"

बुधवारी दार आतून लावून त्याने एकशे नव्व्याण्णव चिठ्ठ्या उपसल्या आणि शेगडीत टाकल्या. दोनशेवी कुठे गेली असेल, असा विचार त्याच्या मनात आला, पण सर मोजणीत चुकले असतील, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली. मग घाईघाईने पान चौकटीत घातलं, काच बसवली आणि चौकट भिंतीवर टांगली. चष्मा गाडीत राहिला होता. पण लिहिलेला कागद सरळ आहे की उलटा टांगलाय, हे बिनचष्म्याचंही दिसतं. तो सरळच होता. फक्त मागची बाजू पुढे आली होती.

शुक्रवारी थंडी कडाक्याची होती. कोल्डबीच्या अध्यक्षा मिसेस ट्रॉट आपल्या माणसांकडून बंब क्लबात आणवत होत्या. क्लाइव त्यांच्या स्वागताला पुढे झाला.

"या, या. शंभर वर्षं झाली बघा आम्हाला. हे पान तर तुम्ही दरवर्षी बघता, पण आज मुद्दाम बघा. काच नवी आहे."

मिसेस ट्रॉट चौकटीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी शांतपणे पान वाचलं, अगदी खालच्या ओळीपर्यंत. मग म्हणाल्या, "सहा जण गाव सोडून गेले. बरोबर आहे, हवा गारच आहे इथली."

क्लाइवने घाईने खिशातून चष्मा काढला. तो लावून पान वाचताना त्याचा चेहरा चौकटीतल्या कागदासारखाच जुना होत गेला.

एवढ्यात पेनफोल्ड सर आत आले. भिंतीकडे पाहताच त्यांचे डोळे भरून आले. "शाब्बास, क्लाइव," ते म्हणाले. "स्वतःहून सत्य भिंतीवर लावलंस. मला हे सुचलं नसतं."

क्लाइवला चौथीत असली शाबासकी कधी मिळाली नव्हती. ती परत करायची की ठेवायची, हे त्याला कळेना.

मिसेस ट्रॉटनी इकडेतिकडे पाहून दार लोटलं. "पेनफोल्ड साहेब, आम्हाला हे ठाऊक आहे. एकोणीसशे बासष्टच्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांना कपाटात तुमच्या क्लबाचं पत्र सापडलं. 'उद्या आमचा क्लब सुरू होतोय, एक चेंडू उसना द्याल का?' तारीख ऑक्टोबर १८९९."

"पस्तीस वर्षं?" क्लाइव म्हणाला. "पस्तीस वर्षं तुम्ही 'धाकट्या' ऐकून घेतलंत?"

"ते पत्र वडील त्या नाताळात इथे सगळ्यांसमोर वाचणार होते. कोटाच्या खिशात घालून आणलं होतं. पण त्या दिवशी गारठ्याने आमचा बंब फुटला आणि त्या एका वर्षी चहा तुमच्याकडे झाला. एक नवीन बाई होती चहाघरात. सकाळी आठला पत्ती टाकली होती म्हणे, आणि दुपारी तीनपर्यंत उकळत होती." त्यांनी आपल्या बंबावर हात ठेवला. "वडिलांनी एक घोट घेतला आणि पत्र तसंच परत नेलं. रात्री आमच्या समितीने शपथ घेतली. धाकटं तर धाकटं."

क्लाइवने हळूच चौकटीला हात घातला. "मग मी हे पान पुन्हा उलटं करतो. म्हणजे सुलटं. कुणाचंच नुकसान नाही."

"क्लाइव," सर म्हणाले.

"सर, कोल्डबीच्या माणसांचा तरी विचार करा."

सरांनी विचार केला असता कदाचित. पण तेवढ्यात दार उघडलं. दारात डोरीन होती. एका हातात दोनशेवी चिठ्ठी होती, दुसऱ्या हातात किटली, आणि डोळे पाणावले होते.

"क्लाइव, बंब उचलायला सांग त्यांना," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं ही माणसं आम्हाला चहा पाजतायत आणि मान त्यांचा होता. मंगळवारी चिठ्ठी वाचल्यापासून मला झोप नाही. आज मी पहाटे पाचलाच पत्ती टाकलीय. मैदानावरच्या सगळ्यांना पुरेल एवढा केलाय."

मिसेस ट्रॉट भिंतीला टेकल्या.

मध्यंतराला शिटी वाजली. कोल्डबीची माणसं पहिल्यांदाच रांगेत पुढे उभी होती, आणि त्यांच्यातलं कुणीही 'आण चहा' म्हणत नव्हतं. डोरीनने पहिला पेला भरून पेनफोल्ड सरांच्या हातात दिला. चहा इतका काळा होता की पेल्याचा तळ असावा, हे विश्वासावर घ्यावं लागत होतं.

"तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत, सर," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तेच मी खरं मानेन. कसा झालाय?"

क्लाइव पाहत होता. मिसेस ट्रॉट पाहत होत्या. दोन गावं पाहत होती. सरांनी एक घोट घेतला, तो बराच वेळ तोंडात ठेवला, आणि शेवटी गिळला.

"गरम आहे," सर म्हणाले.