हातात किती पडतात

कमावणं सोपं असतं. आपण किती कमावलं हे कळणं अवघड असतं. ज्या बिचाऱ्या देशांत माणसाच्या पगारावर एकाच सरकारचा जीव जडलेला असतो, तिथल्या लोकांना हे समजायचं नाही. ओहायोमध्ये मात्र साध्यासुध्या माणसावरसुद्धा चार-चार सरकारं माया करतात. एक वॉशिंग्टनचं, एक राज्याचं, एक तो काम करतो त्या शहराचं आणि एक तो झोपतो त्या गावाचं. (शाळा मंडळ वेगळं. ते सरकार नव्हे. ते नुसतंच घेतं.)

एवढी माया लाभलेल्या माणसांपैकी एक म्हणजे व्हर्लिन स्टॅम्बॉ. केटलबर्ग शहराच्या वेशीवर गॅरेजची दारं बनवणारा एक कारखाना होता. तिथे व्हर्लिनने एकोणीस वर्षं दारांना बिजागऱ्या ठोकल्या, आणि एका शुक्रवारी त्याला बोलावून सुपरवायझर केल्याचं सांगण्यात आलं. पगार वर्षाला अडुसष्ट हजार डॉलर.

इथे व्हर्लिनच्या हातून एक चूक झाली. त्याच संध्याकाळी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण होतं, आणि तिथे त्याने हा आकडा मोठ्याने सांगितला.

"अडुसष्ट?" त्याचा मेव्हणा ड्वेन म्हणाला. त्याच्या हातातला मासा हातातच राहिला. "म्हणजे आता तुला साहेब म्हणायचं का रे?"

"म्हण की."

"साहेब, मग आजची ताटं तुमच्याकडे."

व्हर्लिनच्या बायकोने, लोरेटाने, पेन काढलं. बावीस वर्षं तिला घराच्या मागच्या दाराशी जाळीची पडवी हवी होती, म्हणजे उन्हाळ्यात डास न चावता बसता आलं असतं. तिने कागदी रुमालावर पडवीचं चित्र काढायला घेतलं. चित्रात झोपाळाही होता.

घरी जाताना तिने गाडीत विचारलं, "ते अडुसष्ट कागदावरचे झाले. हातात किती पडतात?"

व्हर्लिन म्हणाला, "उद्या बघून सांगतो." या वाक्याला पुढे दोन वर्षांहून जास्त काळ लागला.

शनिवारी त्याने संगणकावर 'हातात पडणारा पगार' काढून देणारी यंत्रणा उघडली. अशा यंत्रणा अनेक आहेत, आणि प्रत्येक अचूक आहे. पहिलीने एक्कावन्न हजार सांगितले, दुसरीने अठ्ठेचाळीस. तिसरीने तो शेतकरी आहे काय, अंध आहे काय, मागच्या वर्षी कुठल्या परदेशी राजाकडून बक्षीस मिळालं काय, असं सगळं प्रेमाने विचारून घेतलं आणि शेवटी गादीची जाहिरात दाखवली. तळाशी तिघींनीही एकच वाक्य लिहिलं होतं : हा केवळ अंदाज आहे.

सोमवारी तो पगार विभागातल्या अर्डिस झेलेनिकबाईंकडे गेला. बाई तीस वर्षं लोकांचे पगार काढत होत्या आणि त्यामुळे कोणाला काहीही ठामपणे सांगत नसत.

"वॉशिंग्टनचं आणि राज्याचं काढून देते," त्या म्हणाल्या. "शहराचं तुझ्यावर आहे."

"माझ्यावर कसं?"

बाईंनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. कारखान्याच्या फरशीवर मधोमध एक पिवळी रेघ होती. व्हर्लिन एकोणीस वर्षं ती ओलांडत होता. ती अपघात टाळण्यासाठी आहे अशी त्याची समजूत होती.

"रेघेच्या अलीकडे केटलबर्ग शहर. दोन टक्के. पलीकडे शहराबाहेरची ओट्सफील्ड टाउनशिप. टाउनशिपला पगारावर कर लावता येत नाही. बिजागऱ्या अलीकडे ठोकतात, म्हणून तुझे इतकी वर्षं पूर्ण कापले. आता तू सुपरवायझर. फिरणार. जितका वेळ अलीकडे, तितकाच कर."

"म्हणजे मी पलीकडेच उभा राहिलो तर?"

"मी काही बोलले नाही," झेलेनिकबाई म्हणाल्या, आणि त्या खरोखरच काही बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून व्हर्लिनने देखरेखीची नवी पद्धत सुरू केली. तो टाउनशिपमध्ये उभा राहून शहरावर देखरेख करू लागला. हरणांच्या शिकारीची दुर्बीण त्याच्याकडे होतीच. बिजागऱ्यांच्या टेबलावर काही चुकलं की तो रेघेपाशी येऊन ओरडे. एकदा शहरातल्या बाजूला एका कामगाराच्या बोटाला लागलं, तेव्हा व्हर्लिनने त्याला सहानुभूतीने रेघेपर्यंत चालत यायला सांगितलं आणि पट्टी टाउनशिपमध्ये बांधली. त्या महिन्यात बाहेर पडलेल्या दारांपैकी काहींना कडी बाहेरच्याऐवजी आतल्या बाजूने होती. कंपनीने ती 'अधिक सुरक्षित' म्हणून जास्त किमतीला विकली.

वर्ष सरलं. शहराचे दोन टक्के वाचले होते. व्हर्लिनने पडवीसाठी सुतार सांगितला. सुताराच्या आधी पाइन रन गावाची नोटीस आली.

पाइन रन म्हणजे व्हर्लिन जिथे झोपत असे ते गाव. तिथल्या कारकूनबाई मायाळू होत्या. त्यांनी त्याला कॉफी दिली आणि समजावून सांगितलं, "आमचाही कर दोन टक्केच आहे हो. पण तुम्ही तेवढेच केटलबर्गला भरत होतात, म्हणून आम्ही सूट देत होतो. एका माणसाला दोनदा कशाला कापायचं? आता तुम्ही तिकडून मोकळे झालात ना!"

"म्हणजे मी वर्षभर दुर्बीण घेऊन..."

"छान केलंत," बाई म्हणाल्या. "पैसा गावात राहिला."

वाचवले दोन टक्के, गेले दोन टक्के. शिल्लक, शासकीय भाषेत, निरंक.

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण व्हर्लिनला आता हिशेबाची चटक लागली होती, आणि हिशेब अगदी सरळ होता. गाव कर लावतं ते झोपण्यावर. शाळा मंडळ एक टक्का लावतं तेही झोपण्यावर. ड्वेनचं घर रस्त्याच्या पलीकडे, पण ते टाउनशिपमध्ये. तिथे गावही नाही आणि ते शाळा मंडळही नाही. तेव्हा माणसाने रस्ता ओलांडून झोपावं. तीन टक्के हातात.

त्याने हे लोरेटाला जेवताना सांगितलं. मका, बटाटे आणि भाजलेल्या खिम्याची वडी असं त्याच्या आवडीचं जेवण होतं.

"तू माझ्या भावाच्या गॅरेजमध्ये राहणार," ती म्हणाली.

"कायद्याने. जेवायला इथेच. पाहुणा म्हणून."

"व्हर्लिन, तुझ्या या हिशेबात मी कुठे आहे?"

तो प्रामाणिक माणूस होता. त्याने कागद पाहिला. "वजावटीत," तो म्हणाला. "विवाहित म्हणून. मोठी वजावट आहे ती, लोरेटा. सगळ्यात मोठी."

लोरेटाने त्याच्यासमोरचं ताट उचललं आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांगल्या चिनी मातीच्या ताटात त्याला तेच जेवण वाढलं. त्या दिवसापासून त्याला रोज त्याच ताटात जेवण मिळू लागलं. ती दारात कोट हातात देई आणि म्हणे, "आलात, बरं वाटलं. पुन्हा या." ती 'अरे' वरून 'अहो' वर आली होती, आणि ते व्हर्लिनला थंडीपेक्षा जास्त बोचत होतं.

ड्वेनने गॅरेजमध्ये खाट टाकली. "साहेब, कडी कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या," तो म्हणाला. "दार तुमच्याच कारखान्याचं आहे."

अशा गोष्टी लपत नाहीत. डिसेंबरपर्यंत कारखान्यातले नऊ-दहा जण रस्त्यापलीकडे कोणा ना कोणाच्या गॅरेजमध्ये राहायला गेले. मग औषधाच्या दुकानातले गेले. मग एक दंतवैद्य गेला. संध्याकाळी पाइन रनच्या रस्त्यावर उशा घेतलेल्या विवाहित पुरुषांची शिस्तबद्ध रांग दिसू लागली. (बायका गेल्या नाहीत. काहींचं म्हणणं, त्यांना हिशेब कळला नाही. काहींचं म्हणणं, त्यांना तो आवडला होता.) गॅरेजच्या ऊबदार दारांची मागणी वाढली, आणि कारखान्याला आजवरचा सर्वांत चांगला हंगाम गेला.

टाउनशिपची मात्र पंचाईत झाली. बर्फ काढायचा, कचरा उचलायचा, दंतवैद्याच्या तक्रारी ऐकायच्या, आणि पगारावर कर लावता येत नाही. तेव्हा टाउनशिप आणि केटलबर्ग शहर यांनी जाहीर सभा घेतली आणि पिवळ्या रेघेमुळे होणारा गोंधळ कायमचा संपवण्यासाठी दोघांचं मिळून एक संयुक्त विकास क्षेत्र स्थापन केलं. त्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला दोन टक्के कर. रेघ पुसून टाकण्यात आली. रंग काढण्याचा खर्च क्षेत्राच्या पहिल्याच जमाखर्चात दाखवला होता.

तरी शाळेचा एक टक्का वाचत होता. व्हर्लिन त्या एका टक्क्याला घट्ट धरून गॅरेजमध्ये राहिला.

लोरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. फेब्रुवारीत एके दिवशी व्हर्लिन जेवायला आला तेव्हा ती नेहमीपेक्षा लवकर घरी आलेली होती. टेबलावर साधी ताटं होती. तो घाबरला.

"काय झालं?"

"मंडळाकडे पैसे कमी आले. झोपणारी माणसं कमी झाली ना. माझे तास निम्मे केले."

व्हर्लिन खाली बसला. "किती कमी झाले?"

"कागदावरचे सांगू," लोरेटा म्हणाली, "की हातातले?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. बाहेर दंतवैद्य उशी घेऊन रस्ता ओलांडत होता. लोरेटाचे हात पाण्याने सुरकुतले होते. दोनशे मुलांचं जेवण करणारे ते हात निम्म्या दिवसासाठी रिकामे झाले होते. व्हर्लिनने प्रथमच कागदाशिवाय हिशेब केला, आणि त्याला तो पटकन जमला.

"आज इथेच झोपलो तर चालेल का?" त्याने विचारलं.

"तीन टक्के पडतील," लोरेटा म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांना लावायला पदर नव्हता, म्हणून तिने भांडी पुसायचं फडकं लावलं. "आणि घोरलास तर वेगळे."

"दोन टक्क्यांची सूट मिळते गं," तो म्हणाला. "क्षेत्राला भरतोय ना."

"मग एक टक्का. ये."

मार्चपर्यंत सगळे पुरुष उशा घेऊन परतले. मंडळाला पैसे पुन्हा येऊ लागले आणि लोरेटाचे तास तिला परत मिळाले. पडवी झाली, लहान झाली, झोपाळा मावला नाही, पण जाळी चांगली आहे. वर्षअखेर झेलेनिकबाईंनी व्हर्लिनचा खरा, अंतिम, हातात पडलेला आकडा काढला. बिजागऱ्या ठोकताना जादा तासांसकट मिळायचा, त्यापेक्षा तो अकरा डॉलरने जास्त भरला. "अभिनंदन," त्या म्हणाल्या, आणि हे मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं.

वाचकाला आतापर्यंत व्हर्लिनची पुरेशी कीव आली असेल. ती रास्त आहे. फक्त एक किरकोळ बाब नोंदवून ठेवायला हवी. अडुसष्ट हजार डॉलर हा आकडा वर प्रथम आला, तेव्हा आपण क्षणभर थांबून त्याला मनातल्या मनात रुपयांच्या भावाने गुणलंत. (बहुतेक सगळेच गुणतात. ज्यांचा भाचा तिकडे असतो ते दोनदा गुणतात.) गुणाकार बरोबर आला असेल. त्यातून कर वजा केला होता का?