माफीचा अर्ज

कडकरावाने एके सकाळी ठरवलं, की मोठ्या कर्जाला घाबरत बसण्यात काही अर्थ नाही. एक छोटंसं कर्ज काढावं, त्यातून मोठ्याचा हप्ता भरून टाकावा, म्हणजे ब्याद टळेल. ब्याद टळली नाही. ब्यादेला पिल्लं झाली.

कडकराव म्हणजे आमच्या गल्लीतला लॉन्ड्रीवाला. इस्त्री अशी कडक, की त्याच्या हातचा शर्ट नुसता खुर्चीवर ठेवला तरी कोणीतरी बसलंय असं वाटावं. म्हणून हे नाव. माणूस मात्र ओल्या टॉवेलासारखा; कोणीही यावं आणि पिळून जावं. दोन वर्षांपूर्वी त्याने फायनान्स कंपनीकडून कर्ज काढून वाफेवर चालणारं मोठं प्रेस मशीन घेतलं. मशीन झकास होतं. तासाला चाळीस पँटी! पण सगळ्या गल्लीत मिळून पँटीच साठ, आणि त्यातल्या निम्म्यांचे मालक घरीच इस्त्री करणारे. पाऊण तासात आठवड्याचं काम संपायचं आणि उरलेला आठवडा कडकराव मशीन पुसत बसायचा. हप्ते थकले. मग हप्ता भरायला कार्ड, कार्डाचं बिल भरायला मोबाइलवर मिळणारं झटपट कर्ज, आणि ते झटपट कर्ज फेडायला त्याने मोबाइलच विकला. (याला तो नियोजन म्हणायचा.)

तेव्हापासून वसुलीचे फोन बायकोच्या मोबाइलवर येऊ लागले. बायको फोन उचलायची आणि एकच वाक्य म्हणायची, "ते बाथरूममध्ये आहेत."

तीन आठवडे कडकराव बाथरूममध्ये होता. शेवटी वसुलीवाल्यालाच कळवळा आला. "वहिनी, इतके दिवस? अहो, हप्त्याचं राहू द्या, आधी डॉक्टरला दाखवा."

सोमवारी तो स्वतःच दुकानात आला. दारातून आडवं होऊन आत यावं लागेल असा धिप्पाड गडी. त्याची सावली पायरीवर पडताच कडकराव टेबलाखाली, चादरींच्या गाठोड्यामागे गडप. वसुलीवाल्याने काउंटरवर नोटीस ठेवली, आणि नोटिशीवर तीन शर्ट ठेवले.

"शुक्रवारी दुपारी टेम्पो घेऊन येतो. मशीन उचलणार," तो म्हणाला. "आणि हे शर्ट तेवढे गुरुवारपर्यंत द्या. मशीन आहे तोवर करून घेतो. नंतर माझी पंचाईत."

"कॉलरला स्टार्च घालायचं का?" गाठोड्यामागून आवाज आला. (धंद्याची सवय. तोंडातून निघून गेलं.)

"घाला," वसुलीवाला म्हणाला. मग चमकला. "कोण बोललं?"

"रेडिओ," बायको म्हणाली.

तो गेल्यावर रेडिओ बाहेर आला तो रडवेला होऊनच. हे मशीन आलं तेव्हा त्याने आपल्या दोन्ही जुन्या इस्त्र्या भंगारात दिल्या होत्या. मशीन गेलं की हातात राहणार फक्त पाणी मारायची बाटली. आणि नुसतं पाणी मारून कोणी पैसे देत नाही.

बायकोने आपल्या भावाला बोलावलं. या मेहुण्याला जगातलं सगळं माहीत होतं, फक्त नोकरी कुठे मिळते तेवढं सोडून.

"भावोजी, एकदम सोपं आहे. कोर्टात जायचं आणि नादार जाहीर व्हायचं."

"नादान?"

"नादान नाही हो, नादार!"

"नादान तर ते आहेतच," बायको म्हणाली. "त्याला कोर्टाचा कागद कशाला? लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी जाहीर केलंय."

"ताई, नादार म्हणजे ज्याच्याकडे फेडायला काहीच उरलेलं नाही असा माणूस. कोर्टाने एकदा तसं म्हटलं, की सगळे कर्जवाले गप्प. आपण फक्त घरातल्या चीजवस्तूंची यादी द्यायची."

यादी करायला बसले. मेहुण्याने लिहिलं, "एक कपाट, मोडकं."

"मोडकं काय म्हणून?" बायको कडाडली. "बाबांनी दिलंय ते! लिही, भक्कम कपाट. आरशाचं."

"आरसा कुठाय?"

"होता ना! आणि खुर्च्या सहा लिही."

"ताई, चारच दिसतायत."

"दोन शेजारी नेल्यात. म्हणून काय आमच्या नाहीत? कोर्टातली माणसं काय म्हणतील, यांच्याकडे बसायला खुर्ची नाही?"

अर्ध्या तासात यादी अशी काही भरली, की पुन्हा एकदा वाचून झाल्यावर मेहुण्याने ताईकडे दोन हजार उसने मागितले.

भाऊ रिकाम्या हाताने घरी गेला आणि बायकोने चौकशीचं काम स्वतःकडे घेतलं. पोस्ट ऑफिसच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. कर्जात बुडालेल्यांना तिथे फुकट सल्ला मिळायचा. मंगळवारी सकाळी ती नवऱ्याला दंडाला धरून तिथे घेऊन गेली. सल्लागार बाईंनी केसांत खोचलेली पेन्सिल काढली, पिशवीतले सगळे कागद टेबलावर पसरले आणि शांतपणे बोलल्या.

"नादारीचा रस्ता आहे, पण तो अगदी शेवटचा. त्यात कोर्टाच्या चकरा आल्या, वकील आला, आणि तुमचं मशीनही यादीत जाईल. त्याआधी बरंच काही करता येतं. नवीन कर्ज आजपासून बंद. आणि कंपनीकडे दंडव्याजाच्या माफीचा अर्ज करा, हप्ता लहान करून मागा. काय काय घडलं ते खरं खरं लिहा, काही लपवू नका. एक प्रत माझ्याकडे आणा, एक त्यांच्या हेड ऑफिसला पाठवा."

एवढ्या सगळ्यातला एकच शब्द कडकरावाच्या कानात शिरला. माफी! त्याचा चेहरा एकदम उजळला. शाळेत त्याने सात वर्षांत चार इयत्ता केल्या होत्या, आणि त्या सात वर्षांत त्याला लिहिता येऊ लागलेली एकच गोष्ट म्हणजे माफीचा अर्ज. उशीर झाला, माफी असावी. गृहपाठ बकरीने खाल्ला, माफी असावी. आमच्याकडे बकरी नाही, माफी असावी.

"बाई, हे तुम्ही माझ्यावर सोडा," तो म्हणाला. गेल्या दोन वर्षांत कोणी त्याला इतक्या आत्मविश्वासाने बोलताना ऐकलं नव्हतं.

दुपारभर जीभ बाहेर काढून त्याने लिहिलं ते असं:

"माननीय शाखाधिकारी साहेब यांस कृतानेक नमस्कार. मी आपला गुन्हेगार असून माझ्या हातून पुढील चुका घडल्या आहेत. मी एकवीस दिवस बाथरूममध्ये असल्याचे कळवले, परंतु मी टेबलाखाली होतो. आपल्या वसुलीसाहेबांच्या पँटला मी मागे रागाच्या भरात दोन-दोन घड्या पाडल्या. कर्ज देताना आपल्या माणसाने माझ्या सह्या नऊ कोऱ्या कागदांवर घेतल्या, त्यांपैकी सहाव्या कागदावर माझ्या ओल्या हाताचा डाग पडला. माझ्या खात्यातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जातात. तो विमा मी मागितला नव्हता व तो कसला आहे हेही मला माहीत नाही, परंतु मी विचारले नाही ही माझी चूक. एकदा विचारले, तेव्हा चौकशीची फी कापली गेली. पुन्हा विचारणार नाही. मार्चचा हप्ता मी रोख दिला, तेव्हा आपल्या माणसाकडे पावतीपुस्तक नव्हते, तरी मी पावतीचा हट्ट धरून त्यांचा अमूल्य वेळ घेतला. लहान समजून माफ करावे. पुन्हा असे होणार नाही. आपला आज्ञाधारक."

आणि हात वळणावर गेलाच होता म्हणून त्याने खाली 'पालकांची सही' असंही लिहिलं, आणि तिथे बायकोची सही घेतली.

तिन्ही प्रती त्याच संध्याकाळी ज्याच्या त्याच्याकडे पोचत्या झाल्या. सल्लागार बाईंनी आपली प्रत उभ्या उभ्या वाचली. मग बसून वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी तक्रारी लिहून देतेय, पण असली तक्रार मला जमली नसती."

"तक्रार?" कडकराव घाबरला. "छे छे! बाई, मी नीट माफी मागितलीय हो!"

बुधवार गेला, गुरुवार गेला, उत्तर नाही. शुक्रवारी दुपारी टेम्पो आला. वसुलीवाल्याबरोबर चार हमाल. गल्ली गोळा झाली. हमालांनी "हेऽऽ उचल!" करून मशीन जमिनीपासून हातभर वर घेतलं आणि कडकरावाने डोळे मिटले.

तेवढ्यात वसुलीवाल्याचा फोन वाजला. "होय साहेब. उचललंय साहेब. काय? हात नाही लावायचा? साहेब, आता तर आठ हात लागलेत!"

पाठोपाठ शाखाधिकारी साहेब स्वतः धापा टाकत गल्लीत शिरले. हातात अर्ज. सकाळी हेड ऑफिसमधून फोन आला होता, आणि तिथल्या मोठ्या साहेबांनी सहाव्या कागदाबद्दल फार प्रेमाने विचारलं होतं.

साहेबांना पाहताच कडकरावाने हात जोडले. "साहेब, माफ करा!"

"नाही नाही, तुम्ही माफ करा!"

"असं कसं, साहेब? चूक माझी!"

"अहो, चूक आमची!"

"डाग माझ्या हाताचा होता, साहेब. म्हणत असाल तर तो सहावा कागद बदलून देतो. कोराच तर होता."

"हळू बोला हो!" साहेबांनी गर्दीकडे बघत घाम पुसला. "कागदांचं आपण दोघंही विसरून जाऊ."

कडकराव आणखी माफी मागायला तोंड उघडणार, तोच बायकोने त्याला कोपराने मागे सारलं. वारं फिरलंय हे तिला साहेबांच्या घामावरूनच कळलं होतं. "विसरायला वेळ लागतो, साहेब," ती म्हणाली, आणि साहेबांपुढे स्टूल सरकवलं. "बसा. आधी लिहू, मग विसरू."

सल्लागार बाईंनी दिलेला हिशेब तिने काउंटरवर उघडला. दंडव्याज सगळं माफ. विम्याचे कापलेले पैसे कर्जातून वजा. मार्चचा हप्ता जमा. पुढचा हप्ता निम्म्याहून कमी, मुदत पाच वर्षं, आणि हप्त्यातून वाचलेल्या पैशांतून कार्डासारखी बाकीची पिल्लं एकेक करून मारायची सोय. साहेब प्रत्येक ओळीला "अहो पण" म्हणायचे, बायको "सहावा" म्हणायची, आणि साहेब सही करायचे.

"साहेब, एकदाचं ठरवा," मागून हमाल कण्हले. "ठेवू का नेऊ? हात तुटले!"

"ठेवा," साहेब म्हणाले.

"तिथे नको," बायको म्हणाली. "इकडे खिडकीजवळ ठेवा. उजेड बरा आहे. अजून जरा डावीकडे. हां. खाली फडकं मारा आधी."

मशीन खिडकीजवळ बसलं. साहेबांनी शिक्का मारला. शेवटचं कलम सल्लागार बाईंच्या हट्टाचं होतं: यापुढे गल्ल्याची किल्ली आणि हप्त्याची जबाबदारी घरच्या बाईकडे. तिथेही सही झाली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी कडकरावाला खांद्यावर घेतलं, आणि वरून त्याने लगेच सांगायला सुरुवात केली, "मी साहेबाला तोंडावर म्हटलं, आधी माफी माग, मग बोल!" (खांद्यावर बसलेला माणूस खरं बोलल्याचं माझ्या पाहण्यात नाही.) एवढी छाती त्याची लग्नातही फुगली नव्हती.

"आज सगळ्यांना चहा माझ्याकडून!" तो गर्जला, खाली उतरला आणि ऐटीत बायकोपुढे हात पसरला. "दोनशे दे गं. उद्या परत करतो."

बायकोने किल्ली कमरेला खोचली. "जामीनदार आणा."

"आं?"

"जामीनदार. नियम म्हणजे नियम."

कडकरावाने इकडे तिकडे पाहिलं. मघाशी टाळ्या वाजवणारी गल्ली एकाएकी कामाला लागली होती. साहेब केव्हाच पळाले होते. जवळ उरला होता फक्त वसुलीवाला, रुमालाने मान पुसत. कडकरावाने त्याच्या रुंद खांद्यावर प्रेमाने हात टाकला. "हे राहतील की! आता आम्ही घरच्यासारखे."

वसुलीवाल्याने तो हात हलकेच खाली ठेवला, खिशातून दोनशे काढले आणि बायकोच्या हातात मोजून दिले.

"चहा माझ्याकडून, वहिनी," तो म्हणाला. "पण ह्यांना जामीन मात्र राहायला सांगू नका. मी ह्यांची फाइल वाचलीय."