भूपेंद्र सरांनी पाडलेली भिंत

“शुक्रवारी सकाळी अकरा वाजता चौथीच्या वर्गाची भिंत पडणार! गावकऱ्यांनो, या आणि डोळ्यांनी पाहा!”

भूपेंद्र सरांनी हा मजकूर गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि स्वतःवरच बेहद्द खूश झाले. नशिराबादच्या पुढच्या त्या खेड्यात एवढा मोठा विचार आजवर कोणी केलाच नव्हता! इथली चौथी आणि दोंडाईच्याजवळच्या एका शाळेतली चौथी टीव्हीच्या पडद्यावर जोडायची. इकडची पोरं केळीबद्दल सांगणार, तिकडची मिरचीबद्दल. तिकडचे नवल सर त्यांचे डीएडपासूनचे मित्र. चार भिंतींतलं शिक्षण संपलं!

घोळ एवढाच झाला, की पडदा, दोंडाईचा, नवल सर हे सगळं घाईत लिहायचं राहून गेलं.

शुक्रवारी पडदा लागला. पहिली दहा मिनिटं “ऐकू येतंय का?” यात गेली. मग दोन्हीकडची पोरं नुसती एकमेकांकडे टकामका बघत बसली. भूपेंद्र सरांनी घसा साफ केला, “तर बालमित्रांनो...” आणि मागून आवाज आला. धप्प!

“तुमच्याकडे ढग गडगडताहेत का रे?” नवल सरांनी विचारलं.

धप्प! फळ्याशेजारची वीट आत येऊन पडली. भोकातून आधी धूळ आली, मग एक झुपकेदार मिशी आली.

“सर, पोरं जरा सरकवा. पुढची वीट आत पडीन!”

पडद्यावर एकच कल्ला उठला, सगळे एकमेकांना बोट करून दाखवू लागले. “बठ्ठा दखा! तठे भिंत पडनी!”

सर बाहेर धावले. बाहेर शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष लीलाधर नाना हातात नारळ घेऊन उभे!

“नाना, हे काय चालवलंय?”

“काय म्हणजे? तीन वर्षं झाले, या गळक्या भिंतीसाठी अर्ज करून रायलो. तुमचा मेसेज वाचला, म्हटलं मंजुरी आली! अभिमन मिस्त्रीले मुद्दाम भुसावळहून बोलावलं!”

“अहो, मी मनातली भिंत म्हणत होतो!”

“मनातली भिंत पाडाले मिस्त्री कायले लागते?”

“तेच तर म्हणतोय मी!”

नानांनी नारळाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि नारळ मुकाट्याने पिशवीत ठेवला.

भोक तरी बुजवायला हवं होतं. मिस्त्री थापी घेऊन आत आले आणि नेमके कॅमेऱ्यासमोर बसले. पडद्यावरून कामिनी नावाच्या पोरीने धीर करून विचारलं, “मिस्त्रीबाबा, बठ्ठ्या विटा सरळ एकावर एक का नही ठेवतस?”

मिस्त्रींचा हात थांबला. चाळीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं.

“सांध्यावर सांधा आला तं भिंत फाटते बेटा. वरच्या विटेनं खालच्या दोघींले धरून ठेवाव लागते.”

मग काय! दोन्हीकडच्या पोरांनी दप्तरं उपसली आणि वह्यांच्या भिंती रचायला घेतल्या. तिकडची भिंत कोसळली, की इकडून पोरं ओरडत, “मधी बसव ना, मधी!” इकडची डुगडुगली, की तिकडून सल्ला येई. कालवलेल्या मातीला ‘गारा’ का म्हणतात, दोरीला बांधलेला ओळंबा सरळच का लोंबतो, मिस्त्रींची मिशी चुन्याने पांढरी झाली की वयाने, प्रश्नांना अंत नव्हता. तिकडच्या एका पोराने तर कॅमेराच उचलून भिंतीला लावला, “आमनी भिंतले बी तडा शे, दखा!” मिस्त्रींनी डोळे बारीक करून पाहिलं आणि तो फक्त गिलाव्याचा तडा आहे, भिंत मजबूत आहे, असा निकाल दिला. तिकडे टाळ्या!

सरांनी मध्ये तीनदा बोलायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा मिस्त्री म्हणाले, “सर, ती वीट द्या.”

साडेबाराला नवल सरांनी रडकुंडीला येऊन पडदा बंद केला. पोरं जेवायला उठायला तयार नव्हती.

संध्याकाळी नवल सरांचाच फोन आला.

“भूपेंद्र, कमाल केलीस! पुढच्या शुक्रवारी पुन्हा जोडायचं. पोरांनी कागदभर प्रश्न काढलेत.”

“अरे वा!” सरांची छाती फुगली. “मलाच ना?”

“नाही, मिस्त्रींना. तुझ्याबद्दल एकच आहे.”

“विचार की!”

“मिस्त्रींच्या मागे उभे होते ते काका कोण?”

सरांनी बाहीवरची विटेची धूळ झटकली. मग भूपेंद्र सर म्हणाले, “सांग त्यांना, विटा देणारा होता.”