कलननंतर बॅन्फ

आमचे डॉक्टर सबनीसकाका मूळचे साताऱ्याचे. पण इकडे परदेशी, सांता क्लाराच्या मराठी मंडळात कुणी नव्याने "काका, तुम्ही कुठले?" एवढं विचारायचा अवकाश, ते ताटातला भात आडवा सारत आणि स्कॉटलंडचा किनारा उभा करत. वरण म्हणजे समुद्र, भाताचा काठ म्हणजे बॅन्फशर जिल्हा.

"पश्चिमेकडून ये. बकी, पोर्टनॉकी, कलन, मग बॅन्फ, मॅकडफ. सगळी कोळ्यांची गावं. काय वारा, यार!"

डॉक्टरकीच्या पहिल्या नोकरीचं एकच वर्ष त्यांनी तिथे काढलं होतं. समोरच्याचं वरण गार होई, काका मॅकडफपर्यंत पोचल्याशिवाय सोडत नसत. काकू मुकाट्याने पोळी मोडत बसत.

"पण तो जिल्हा आता रद्द झालाय ना?" मी एकदा अक्कल पाजळली.

"जिल्हा सरकारने मोडला. समुद्र मोडला का?"

घरात नकाशा मात्र नव्हता. "नकाशा कशाला? मी आहे ना!"

दुसऱ्याची चूक सापडली की मला दिवाळी. सत्त्याऐंशी साली एका गराज सेलमध्ये स्कॉटलंडचा नकाशा मिळाला, तो घेऊन मी त्यांच्या घरच्या पॉटलकला गेलो आणि भर पंगतीत ओरडलो, "काका, एक गाव खाल्लंत! कलन, पोर्टसॉय, मग बॅन्फ!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. "गराज सेलचा नकाशा. चुकला असेल," म्हणून अंगणात निघून गेले.

मी ताटं घेऊन किचनमध्ये गेलो. काकूंनी हात पुसले. "कुठे म्हणालास ते गाव?"

मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"आमचा पहिला मुलगा दोन दिवसांचा होऊन गेला. मी हॉस्पिटलात होते. एवढ्याशा बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत, म्हणून ह्यांनी एकट्यानेच नेऊन पुरला. 'समुद्राजवळ आहे,' एवढंच म्हणाले. ह्यांना त्रास नको म्हणून मी कधी विचारलं नाही. पंचवीस वर्षं ऐकतेय, दर वेळी कलननंतर ह्यांचा आवाज अडकतो. तिथे गाव आहे, हे आज कळलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ह्यांना सांगू नकोस हं. मला कळलंय हे समजलं, तर गावं सांगायची बंद करतील. मग ह्या घरात बोलायचं कुणी?"

अंगणात काकांनी नवा पाहुणा धरला होता. "बकी, पोर्टनॉकी, कलन..."

"पोर्टसॉय," काकू हळूच म्हणाल्या. बोट अजून तिथेच होतं.

"...मग बॅन्फ," बाहेरून काका म्हणाले.