परत आलेल्या पुस्तकांचे आगाशे

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, मंडईजवळच्या आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात, आगाशे यांनी एक नवी कादंबरी घेण्यास नकार दिला. कादंबरीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. लेखकाचे नाव त्यांनी वाचलेही नव्हते. कारण त्यांनी काउंटरवरच्या कानडे बाईंना एका वाक्यात सांगितले.

"हे अजून कोणी परत केलेलं नाही."

"अहो, शनिवारीच आलंय. परत कोण करणार?"

"मग थांबतो. आधी कोणीतरी आत जाऊन येऊ दे."

आगाशे यांना ओळखणाऱ्यांना यात नवल वाटले नाही. ते कपाटातून पुस्तक घेत नसत. काउंटरच्या डाव्या टोकाला परत आलेल्या पुस्तकांची चळत असते, तिच्यातूनच घेत. तसे बहुतेक वाचक त्या चळतीभोवती घुटमळतात. आत भिंतभर कपाटे असली तरी दुसऱ्याने नुकतेच ठेवलेले पुस्तक आधी उचलून बघतात. आगाशे यांनी या सवयीचे शास्त्र केले होते. पुस्तक कोणाचे, हा प्रश्न त्यांना पडत नसे. ते विचारत, "कोणी परत केलं?"

ग्रंथालय उघडले की ते काउंटरसमोरच्या बाकावर येऊन बसत आणि पुस्तक परत करणाऱ्यांकडे बघत. तिथल्या प्रत्येक सभासदाविषयी त्यांचे मत तयार होते. एका वकिलांनी घेतलेले पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत आले, तेव्हा ते म्हणाले, "वाचलेलं नाही. सुटका करून घेतलीय." सबनीस बाईंनी मुदत उलटून गेल्यावर, दोनदा निरोप गेल्यावर आणलेले पुस्तक आगाशे यांनी चळतीवर जाण्याआधीच त्यांच्या हातातून घेतले. पान उलटून त्यांनी एक पिवळा डाग मला दाखवला. "हळद. फोडणी देतानासुद्धा खाली ठेववलं नाही. याला म्हणतात शिफारस."

सबनीस बाई तिथेच उभ्या होत्या. "माझ्या पुस्तकावर पाळत ठेवता का हो तुम्ही?"

"तुमच्यावर नाही. डागांवर."

आगाशे हवामानाच्या कचेरीतून निवृत्त झालेले. उभी नोकरी आकाशाच्या नोंदी करण्यात गेली. घरी ते एकटेच असत, एवढी माहिती ग्रंथालयात होती. त्यापुढचे कोणी विचारले नव्हते.

मध्यंतरी कानडे बाईंनी दाराशी एक फळा लावला आणि त्यावर दर आठवड्याला 'जरूर वाचा' म्हणून चार पुस्तकांची नावे लिहायला सुरुवात केली. त्या फळ्याविषयी आगाशे यांचा अभिप्राय असा होता : "शिफारस म्हणजे अंदाज. परत आलेलं पुस्तक म्हणजे नोंद. आयुष्यभर अंदाज करणाऱ्यांच्या शेजारी बसलोय, बाई. मला नोंद द्या." पुढे काउंटरवर संगणक आला. सभासदाचा क्रमांक घातला की त्याला काय आवडेल ते पडद्यावर दिसे. बाईंनी हौसेने आगाशे यांचा क्रमांक घातला.

"मला काय आवडेल ते मलाच अजून समजलेलं नाही," आगाशे म्हणाले. "याला कसं समजलं?"

पुस्तक परत करणाऱ्या सर्वांमध्ये आगाशे यांचा एका माणसावर पूर्ण विश्वास होता. तो माणूस म्हणजे हमीदभाई. मार्केट यार्डात त्यांचा गुळाचा ठोक व्यापार आहे. दर गुरुवारी दुपारी यार्डातून गंज पेठेतल्या घरी जेवायला जाताना ते स्कूटर दाराशी उभी करत, कापडी पिशवीतून दोन पुस्तके काढून काउंटरवर ठेवत, बाईंनी काढून ठेवलेली दोन घेत आणि कोणाशी न बोलता निघून जात. त्यांची पाठ वळायच्या आत ती दोन्ही पुस्तके आगाशे यांच्या हातात असत. कित्येक वर्षे आगाशे यांनी हमीदभाईंच्या मागोमाग वाचन केले. एकदाही पस्तावलो नाही, असे ते सांगत.

त्या पुस्तकांत खूण म्हणून दोऱ्याचा तुकडा राहिलेला असे. आगाशे यांनी त्याचा अभ्यास केला होता. "गुळाच्या ढेपेला फडकं गुंडाळतात ना, त्याचा दोरा. म्हणजे हा माणूस दुकानात बसून वाचतो. एकीकडे गिऱ्हाईक, एकीकडे कादंबरी. काय एकाग्रता असेल!"

"त्यांच्याशी एकदा बोला की मग," मी सुचवले.

"कशाला? पुस्तकं देतायत ना."

दोघे एकमेकांशी बोलले ते यंदाच्या उन्हाळ्यात. त्या गुरुवारी हमीदभाईंनी पुस्तके काउंटरवर ठेवली आणि नवी घेतली नाहीत.

"बाई, कार्ड बंद करायचंय."

आगाशे बाकावरून उठले. "बंद? का? पुस्तक आवडलं नाही का? शेवट फसलाय का?"

हमीदभाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "कसला शेवट?"

"या कादंबरीचा."

"साहेब, मी एवढं जाड पुस्तक जन्मात उघडलेलं नाही. वाचायची आमची अम्मी. मी नेणार आणि आणणार."

"म्हणजे इतकी वर्षं..."

"मी पिशवी."

कानडे बाई टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

"आणि तो दोरा?" आगाशे यांनी विचारले.

"तो गोधडीचा. अम्मी गोधड्या शिवते. शिवायची." हमीदभाईंनी पिशवीची घडी घातली. "डोळ्यांच्या मधोमध डाग आलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. दारात कोण आलं ते समजतं. अक्षर लागत नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही."

"अरेरे. आता कसं व्हायचं?"

"अम्मीचं? सूनबाई आहे, नातवंडं आहेत..."

"माझं," आगाशे म्हणाले. "मी आता काय वाचू?"

कानडे बाईंनी टेबलाखालून डोके वर काढले. मग हमीदभाई म्हणाले, "ते मला विचारू नका. गुळाचं काही असेल तर सांगा." ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "घरी या. अम्मीलाच विचारा. दिवसभर पुस्तकांचंच बोलते ती. तुम्ही ऐकलंत तर आम्हालाही जरा उसंत मिळेल. बाई, कार्ड राहू द्या तूर्त."

पुढची हकिगत हमीदभाईंनी सांगितलेली आहे. आगाशे यांना विचारल्यावर त्यांनी ती नाकारली नाही.

रविवारी आगाशे इस्त्रीचा शर्ट घालून गंज पेठेत गेले. रझियाबी, म्हणजे हमीदभाईंच्या अम्मी, पूर्वी मराठी शाळेत शिकवत. गुडघ्यांमुळे बाहेर पडणे बंद झाले तेव्हापासून पुस्तके मुलाच्या हाती येऊ-जाऊ लागली होती. त्यांनी मान किंचित तिरकी करून पाहुण्यांकडे पाहिले, कारण तसेच त्यांना दिसते.

आगाशे यांनी थेट विषय काढला. "मला पुढची काही नावं सांगा. तुम्ही सांगाल ते मी वाचेन."

"मी वाचलेलंच सांगणार ना?"

"अर्थात."

"आणि मी वाचलेलं सगळं तुम्ही वाचलंय."

आगाशे यांनी विचार केला. "हो."

"मग झालं की. माझं जिथं थांबलं तिथं तुमचंही थांबलं." रझियाबी हसल्या. "आता असं करा, आगाशेसाहेब. आता तुम्ही आधी वाचा. चांगलं असलं तर घेऊन या आणि मला वाचून दाखवा. रटाळ असलं तर दारातूनच परत न्या."

"मला ते जमत नाही."

"वाचायला?"

"निवडायला."

"माझी चौथीची मुलं निवडायची. बघा प्रयत्न करून."

त्यानंतरच्या सोमवारी आगाशे कपाटांपाशी गेले, ते मी पाहिले. एक पुस्तक काढत, ठेवत, मग काउंटरकडे बघत. कानडे बाई तिथूनच म्हणाल्या, "घ्या हो, चावत नाही." शेवटी त्यांनी एक घेतले. फळ्यावर काय लिहिले आहे, तेही त्यांनी जाता जाता वाचले, पण उघडपणे नव्हे.

पहिले पुस्तक फसले. दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर रझियाबींनी हात वर केला. "हे काय आणलंत? ढग आले, ढग गेले. माणसं कधी येणार?"

"वर्णन अचूक आहे."

"असेल. तुमच्या कचेरीत ठेवा. आणि जरा सावकाश वाचा. आकाशवाणीवर बातम्या देताय का?"

दुसरे पुस्तक दोन शेतकरी भावांच्या भांडणाचे होते. ते पुरे झाले. शेवटच्या रविवारी हमीदभाईंच्या पत्नीने स्वयंपाकघरातला नळ बंद करून ऐकले. तिसऱ्या पुस्तकासाठी आगाशे यांनी चार पुस्तके घरी नेऊन वाचली आणि तीन परत केली. कोणी परत केली, असे त्यानंतर सबनीस बाईंनी काउंटरवर मुद्दाम मोठ्याने विचारले. आगाशे यांनी ऐकले नाही असे दाखवले.

त्या चारांतले ठेवून घेतलेले एक पुस्तक घेऊन आगाशे गेल्या रविवारी गंज पेठेत गेले. ते चष्मा लावत असताना रझियाबींनी विचारले, "तुमच्याकडे आधी कोण वाचायचं?"

"का?"

"दुसऱ्याच्या मागून वाचायची सवय एकट्या माणसाला लागत नाही."

आगाशे यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले.

"सुमन," ते म्हणाले. "माझी बायको. तीच जायची ग्रंथालयात. स्वतःचं वाचून झालं की माझ्या उशाशी ठेवायची. मी कधी नावसुद्धा बघितलं नाही. सकाळी चहाला विचारायची, कुठवर आलात? मी सांगायचो. मग ती म्हणायची, अजून पुढे आहे, जा."

"कसं वाचायच्या? भरभर?"

"नाही. फार सावकाश. एखादं वाक्य आवडलं तर थांबून खिडकीतून बघत बसायची. मला वाटायचं, झोप आली."

"मग? अजून सांगा."

त्या दिवशी पुस्तक उघडले गेले नाही. आगाशे नेहमीच्या वेळी गेले आणि दिवेलागणीनंतर निघाले. मधल्या वेळात चहा दोनदा झाला, याला हमीदभाईंच्या पत्नीने दुजोरा दिला आहे.