पट्टा-निश्चिती उपसमिती

गिटारचा पट्टा दोन ठिकाणी अडकवावा लागतो. एक टोक गिटारच्या बुडाशी असलेल्या बटनात बसतं. दुसऱ्या टोकाची सोय गिटार बनवणारा करतोच असं नाही. शामरावांच्या गिटारला ती नव्हती, म्हणून त्यांनी ते टोक मानेला, तारा पिळायच्या चाव्यांच्या खाली, पायजम्याच्या नाडीने बांधलं होतं. ही व्यवस्था तीन वेतन आयोग टिकली. ऑगस्टमध्ये शामराव गेले आणि डिसेंबरमध्ये नाडी तुटली.

तुटली तेव्हा गिटार त्यांच्या मुलीच्या, श्रावस्तीच्या गळ्यात होती. तिने ती वरच्या वर झेलली आणि बराच वेळ तशीच धरून उभी राहिली.

राजधानीतल्या यमुनापार मराठी स्नेहमंडळाची बस दर चौदा जानेवारीला पानिपतला जाते. रणभूमीवरच्या काला अंब स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं जातं, भाषणं होतात, तिळगूळ वाटला जातो. आणि शेवटी शामराव एक धून वाजवायचे. उभ्याने. 'इथे बसून वाजवायचं नाही,' असं ते म्हणत. 'फुलं मोठ्या नावांसाठी असतात. मी वाजवतो ते पाणक्यांसाठी, घोडे राखणाऱ्या मोतद्दारांसाठी. त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत.' भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून येऊन केंद्र सरकारात अवर सचिव झालेल्या माणसाला नावं नसलेल्यांची आठवण राहत असे.

यंदा ती धून श्रावस्ती वाजवणार होती. ऑगस्टपासून ती रडली नव्हती आणि याची नोंद सर्व नातेवाइकांनी घेतली होती. आई काळजीने बघायला लागली की ती एवढंच म्हणायची, "एकदा तिथे उभं राहून वाजवू दे. मग बघू."

तेव्हा कामाचं स्वरूप मर्यादित होतं. पण श्रावस्तीच्या हातून एक चूक झाली. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिने विचारलं, "गिटारचा पट्टा पक्का बांधायला काय चांगलं? जुनी नाडी तुटली."

या मंडळाचे निम्मे सभासद मंत्रालयांतून निवृत्त झालेले आहेत. घरी त्यांना भाजी काय करू एवढंच विचारलं जातं, आणि तेही उत्तराची वाट न पाहता. अशा माणसांपुढे लेखी प्रश्न ठेवू नये.

पहिलं उत्तर अध्यक्ष अण्णासाहेबांचं आलं. ते सहसचिव म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त झाले अशी निदान कार्यालयाची समजूत होती. "विषय विचारार्थ घेण्यात येत आहे. अंतिम निर्णय होईपर्यंत सदर गिटार कोणीही उभ्याने वाजवू नये."

श्रावस्तीने फोन लावला. "काका, मी घरी नुसता सराव करतेय."

"बेटा, सराव म्हणजे वापरच. यंदा कोपर्निकस मार्गावरून, आपल्या राज्याच्या सदनातून साहेब येतायत, माहितेय ना? त्यांच्या पायावर गिटार पडली तर?"

"तर गिटार फुटेल, काका."

"तो दुय्यम मुद्दा झाला."

अशा रीतीने पट्टा-निश्चिती उपसमिती अस्तित्वात आली. अध्यक्ष अण्णासाहेब. सचिव चंद्रप्रभाताई, ज्यांची हयात लेखापरीक्षणात गेली होती आणि ज्या पोहे वाढले तरी आधी शेंगदाणे कुठून आणले ते विचारत. तांत्रिक सदस्य सुधन्वा. हा गुरुग्रामच्या एका कंपनीत जोखमींवर सल्ला द्यायचा. त्याने आयुष्यात गिटारला हात लावलेला नव्हता, त्यामुळे हितसंबंधांचा प्रश्न येत नव्हता. श्रावस्तीच्या बाबतीत येत होता. ती लाभार्थी असल्याने तिला सदस्य करता आलं नाही.

बैठक चंद्रप्रभाताईंच्या मयूर विहारच्या घरी झाली. गिटारला सोफ्यावर बसवण्यात आलं, श्रावस्तीला स्टुलावर.

"मी नवी नाडी आणते ना," श्रावस्ती म्हणाली. "बाबांची चांगली टिकली होती."

"पण शेवटी तुटलीच ना?" अण्णासाहेब म्हणाले. "म्हणजे व्यवस्थेत मुळातच दोष होता."

 बाबांच्या हृदयाबद्दल डॉक्टरही साधारण असंच बोलले होते.

सुधन्वाने लॅपटॉप उघडला. "यार, सिम्पल आहे. वरचं टोक राहू द्या बाजूला. बुडाशी पट्टा बटनातून निसटू नये म्हणून बाटलीच्या झाकणाची रबरी चकती बसवतात. सगळे बँडवाले हेच करतात."

"कसल्या बाटलीची?" चंद्रप्रभाताईंनी पेन उचललं.

सुधन्वाने आवाज खाली आणला. "बिअरच्या."

"हुतात्म्यांच्या कार्यक्रमाला?"

"चकती धुऊन घ्यायची ना, ताई!"

"आणि बाटली कोणी रिकामी केली म्हणून लिहू?"

चकतीचा पर्याय मागे घेण्यात आला. सुधन्वाला चकतीची माहिती कशी, यावर स्वतंत्रपणे विचार करण्याचं ठरलं.

दुसरा मुद्दा पट्ट्याच्या ताकदीचा होता. ताकद मोजायची तर भार लटकवायला हवा. गिटार लटकवण्यात धोका होता, म्हणून सहलीसाठी वळलेल्या तिळाच्या लाडवांचा डबा पट्ट्याला बांधून पंख्याच्या हुकाला टांगण्यात आला. पट्टा टिकला. डबा त्यातून निसटला आणि लाडू टिकले नाहीत. पट्टा लाडवांसाठी असुरक्षित, गिटारबाबत निष्कर्ष प्रलंबित, असा शेरा पडला.

उरला एकच शास्त्रशुद्ध उपाय. मान जिथे गिटारच्या पोटाला मिळते तिथे छिद्र पाडून दुसरं बटन पिळायचं आणि दोन्हीकडे लॉक बसवायचं. उपाय खरा होता; वाजवणारे करतात.

"छिद्र म्हणजे मालमत्तेत कायमस्वरूपी बदल," चंद्रप्रभाताई म्हणाल्या. "मालकाची ना हरकत लागेल."

"मालक बाबा होते, मावशी."

"हो ना गं. म्हणून तर मृत्यूचा दाखला जोड. म्हणजे ते हरकत घेणार नाहीत याचा पुरावा झाला. आणि आईची सही."

श्रावस्तीने दाखला जोडला. तोपर्यंत बँक, पेन्शन आणि गॅस एजन्सीमुळे तिला त्याची सवय झाली होती. आईने मात्र सही केली नाही. प्रेमलाबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि कमी बोलत. सहीसाठी त्यांना लावलेला फोन स्पीकरवर होता, तेव्हा सगळ्यांनीच ऐकलं.

"जय भीम, अण्णासाहेब. यांच्या छातीला छेद द्यायला मी सही केली होती. आता गिटारला भोक पाडायला नाही करणार."

 मग अण्णासाहेब हळुवार आवाजात म्हणाले, "भावनिक अभिप्राय. नोंद घ्यावी."

आता पेच असा होता की गिटारला छिद्र पाडायचं नाही, नाडी बांधायची नाही, चकतीचं नाव काढायचं नाही आणि गिटार तर पडता कामा नये. अशा पेचातून वाट काढण्यातच या मंडळींनी उभी नोकरी घालवली होती. सुधन्वाच्या नजरेसमोर त्याचीच विमानतळावरून आलेली सुटकेस होती. तिच्याभोवती नंबरच्या कुलपाचा रुंद पट्टा आवळलेला होता.

तो पट्टा गिटारच्या पोटाभोवती आवळायचा, त्याला खांद्याचा पट्टा शिवून टाकायचा, आणि कुलपाच्या नंबरचे तीन आकडे तीन सदस्यांकडे एकेक ठेवायचे. कोणा एकट्याला गिटार सोडवता येणार नाही. चंद्रप्रभाताईंनी पट्टा स्वतःच्या हाताने आवळला. गिटारमधून एक बारीक आवाज आला आणि थांबला.

"मावशी, हा तारांवरून जातोय," श्रावस्ती म्हणाली. "तारा दाबल्या गेल्या. वाजणार कशी?"

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. खेद व्यक्त करताना ते तो काढत. "बेटा, वाजणं हा मुद्दा आमच्या कार्यकक्षेत नव्हता. तू पट्ट्याबद्दल विचारलं होतंस."

"मग आता विचारते."

"बिल्कुल विचार. सहलीनंतर घेऊ."

चौदा तारखेला पानिपतला धुकं होतं. साहेब आले, शाल घेतली, आपल्या पायांकडे एकदाही बघावं न लागता पुष्पचक्र वाहून उभे राहिले. श्रावस्तीने तोवर कुलूप उघडायची विनंती केली होती. दोन आकडे लगेच मिळाले. तिसरा सुधन्वाकडे होता आणि सुधन्वा गुरुग्रामला कॉलवर होता. आकडे फिरवून पाहणं म्हणजे कुलूप फोडणंच, असं चंद्रप्रभाताईंनी बजावलं.

"आता शामरावांची परंपरा त्यांची कन्या पुढे नेत आहे," अण्णासाहेबांनी जाहीर केलं. "संपूर्ण सुरक्षिततेसह."

श्रावस्ती पुढे झाली. परत फिरता आलं असतं, पण समोर स्मारकाचा दगड होता आणि बाबा तिथे कधी बसले नव्हते. तिने उजवा हात पट्ट्यावर ठेवला. डावा हात मानेवर गेला, आणि बोटं आपोआप आपल्या जागा शोधायला लागली. एकही सूर उमटला नाही. धुक्यात कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, तेवढाच आवाज. समोर पन्नासेक मोबाइल वर झाले. ती पूर्ण धून तिने तशीच, उभ्याने वाजवली.

टाळ्या झाल्या. चंद्रप्रभाताईंनी पदर डोळ्यांना लावला. साहेब म्हणाले, "बहुत मधुर." अण्णासाहेब तर भारावलेच. "अगदी शामराव! आणि पाहिलंत? पट्टा तसूभर हलला नाही." पुढच्या वर्षी हीच व्यवस्था पेटीला आणि ढोलकीला लागू करण्याची सूचना तिथल्या तिथे मंजूर झाली.

परतीच्या बसमध्ये श्रावस्ती आईशेजारी बसली. गिटार मांडीवर, कुलपासकट. प्रेमलाबाईंनी संत्रं सोललं, अर्धं तिच्या हातावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीत घाई केलीस. ते तिथे थांबायचे."

श्रावस्तीने आईकडे पाहिलं. ऑगस्टपासून अडलेलं सगळं तेव्हा, सोनीपतच्या अलीकडे, एकदम बाहेर आलं. ती हमसाहमशी रडायला लागली तसे पुढच्या सीटवरून अण्णासाहेब कळवळून वळले.

"काय झालं बेटा? पट्टा टोचतोय का?"

उपसमितीचा अहवाल यथावकाश सभेपुढे आला. त्यात पट्ट्याची रुंदी आहे, कापड आहे, कुलपाचा प्रकार आहे, लाडवांचं नुकसानही आहे. श्रावस्तीने त्या दिवशी कोणती धून वाजवली, हे त्यात नाही. ते मंडळात कोणी विचारलंच नव्हतं. आपणही, सुजाण वाचक, इथवर आलात. पट्टा शेवटी कसा बसला ते आपल्याला नीट ठाऊक आहे. धुनेची चौकशी आपणही केली नाहीत. उपसमितीत एक जागा रिकामी आहे.