दुसरीचं लेकरू

रंगारीबाईंच्या वर्गात शिरताना आपलं लेकरू दारातच दुसरीच्या हातात द्यावं लागायचं. चपला बाहेर काढायच्या, आपलं लेकरू एकीला द्यायचं, कोणाचं तरी आपण घ्यायचं आणि मग आत जाऊन सतरंजीवर बसायचं. आपलंच लेकरू कडेवर घेऊन कोणी आत आलीच, तर बाई खडू खाली ठेवायच्या. ती अदलाबदल करून येईपर्यंत शिकवणं बंद.

हा वर्ग सरकारचा होता. लग्न लवकर झालं, शाळा सुटली, पदरात मूल आलं, अशा बायांना थेट सातवीच्या परीक्षेला बसवायचं आणि पास झाल्या की दवाखान्यात, बालवाडीत, शिवणकेंद्रात कामाला लावायचं, अशी योजना होती. पाटी-पुस्तकं मिळायची, महिन्याला थोडी मदतही मिळायची. जागा मात्र मिळाली ती नागपूरच्या लकडगंजात, लाकडं चिरायच्या एका आरा मशीनच्या मागच्या खोलीत. माझे यजमान त्या मशीनवर लाकडं लावायचे आणि आम्ही तिथेच मागे राहायचो. म्हणून वर्ग झाडायचं आणि पाणी भरायचं काम मला मिळालं.

मी स्वतः चौथी शिकलेली. बाईंनी मलाही सतरंजीवर बसवायचं मनात आणलं होतं, पण माझी मुलं तोवर मोठी झाली होती आणि मी योजनेत बसत नव्हते. मला बरंच वाटलं. दारामागे उभं राहून सगळं ऐकायला मिळायचं आणि कोणी प्रश्न विचारायचं नाही.

बाई इंदोऱ्याहून, तिथल्या बौद्ध वस्तीतून, सायकलवर यायच्या. पांढरी साडी, निळा काठ, आणि मागे कॅरिअरला बांधलेला भारताचा नकाशा. तो नकाशा त्या रोज आणायच्या आणि रोज परत न्यायच्या. वर्गात ठेवला तर देशावर भुसा बसतो, असं म्हणायच्या. त्यात खोटं काही नव्हतं. तिथे सगळ्यावरच भुसा बसायचा. लेकरांच्या केसांत बसायचा, पाट्यांवर बसायचा, माठावरचं झाकण सरकलं तर पाण्यातही तरंगायचा.

आरा सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. बाई आवाज वाढवायच्या नाहीत. तोंडात असलेलं वाक्य तिथेच थांबवायच्या, लाकूड चिरून होईपर्यंत हात वर तसाच धरून उभ्या राहायच्या आणि मग त्याच शब्दापासून पुढे जायच्या. गंगा नदी हिमालयात, असं म्हणून थांबल्या की बाया लेकरांची नाकं पुसून घ्यायच्या, एखादी शेजारणीच्या कानातलं हातात धरून पाहायची. मग आरा थांबायचा आणि गंगा उगम पावायची.

लेकरांच्या अदलाबदलीचं कारण पहिल्याच आठवड्यात पुष्पाने विचारलं होतं. पुष्पा इतवारीकडची, कोष्ट्यांची सून. तिच्या नवऱ्याचा माग बंद पडला होता आणि तो हमालीला जायचा. सातवी पास झाली तर सरकारी दवाखान्यात जागा आहे, असं तिला सांगितलं होतं, आणि त्या जागेवर ते सगळं घर डोळे लावून होतं. ती म्हणाली, "बाई, आपापलंच घेतलं तर काहून नाही चालत?"

बाई म्हणाल्या, "आपलं लेकरू रडलं की बाईचं डोकं बंद पडते. दुसरीचं रडलं तर चालू राहते. करून पाहा."

बायांनी करून पाहिलं आणि ते खरं निघालं. दुसरीच्या लेकराला थोपटता थोपटता अपूर्णांकाची बेरीज होत होती. एखादं फारच भोकाड पसरू लागलं आणि बाई चुळबुळायला लागली की रंगारीबाई म्हणायच्या, "रडू दे वं, उत्तर सांग." हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणायच्या की माझ्या यजमानांनीही उचललं होतं. मी घरी कशावरून डोळ्यांना पदर लावला की ते हेच म्हणायचे.

बाई स्वतःही रोज एक लेकरू घ्यायच्या. त्यांची निवड ठरलेली होती. दारात जे सगळ्यात जास्त रडत असेल ते त्यांचं. ते कडेवर घेऊन त्या फळ्यावर लिहायच्या. त्यामुळे त्यांच्या ओळी नेहमी एका बाजूला उतरत जायच्या आणि बायांच्या पाट्यांवरच्या ओळीही तशाच उतरायच्या. तसंच लिहायचं असतं असा बायांचा समज झाला होता.

एकदा पुष्पाची सासू बघायला आली. नातू कोणाच्या तरी मांडीवर आहे असं तिच्या कानावर गेलं होतं. कोणाच्या म्हणजे कोणत्या वस्तीतल्या, हे तिला पाहायचं होतं. दारात उभी राहून तिने माहा नातू कुठी आहे म्हणून विचारलं. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. कडेवरचं लेकरू तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "धरा जरा याले, मी शिकवून राहिली." लेकरू शशिकलाचं, म्हणजे बाईंच्याच वस्तीतलं. म्हातारीने ते अंगापासून लांब धरलं. लेकराने तिच्या नाकातली नथ पकडली. आता नथ सोडवायची तर लेकरू जवळ घ्यावं लागतं. ती बसली. वर्ग सुटेपर्यंत बसली, आणि जाताना मला म्हणाली की त्या पोराचं पोट बिघडलेलं आहे, त्याच्या मायले सांगजो, ओवा उकळून पाज म्हणा. दुसऱ्या दिवशी ओवा घेऊन स्वतःच आली.

बाईंचा आणखी एक धडा होता. बाया पहिल्यांदा आल्या तेव्हा एका प्रश्नाला सगळं घर सांगायच्या. नागपूरच्या पूर्वेला कोणता जिल्हा, असं विचारलं की शशिकला उठून सांगायची, भंडारा, तिथे माझी मोठी बहीण दिली आहे, तिच्या नवऱ्याची दोन एकर धानाची शेती आहे पण तो काही करत नाही. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बहिणीचे गुण नाहीत. विचारलं तेवढंच सांग." उभं राहायचं, विचारलं तेवढंच सांगायचं, खाली बसायचं. हे त्यांनी इतकं घोटून घेतलं की बाया बाजारातही तशाच बोलायला लागल्या.

बाई स्वतःही तशाच होत्या. घरी कोण कोण असतं, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मी." आणि सायकलला नकाशा बांधायला लागल्या.

परीक्षा जवळ आली होती तेव्हा तपासणीचे साहेब आले. आधी कळवलं नव्हतं. सफारी घातलेले, पोक्त, जरा थकलेले. त्यांनी सतरंजीकडे पाहिलं, मांड्यांवरची लेकरं पाहिली आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं. पुष्पाजवळ थांबून त्यांनी विचारलं, "हे मूल तुमचं?"

पुष्पा उभी राहिली. "नाही जी." खाली बसली.

साहेबांनी पुढचीला विचारलं. ती उभी राहिली, नाही जी म्हणाली आणि बसली. मग तिसरी. साहेब पूर्ण ओळ फिरले. सगळ्यांनी विचारलं तेवढंच सांगितलं. शेवटी ते बाईंकडे वळले आणि त्यांच्या कडेवरच्या लेकराकडे बोट करून म्हणाले, "आणि हे तुमचं?"

तेवढ्यात आरा सुरू झाला. लाकूड मोठं होतं. साहेब वाट पाहत उभे, बाई लेकरू घेऊन उभ्या. लाकूड संपल्यावर बाई म्हणाल्या, "नाही. माझं एकही नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. ते रागावले नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, ही योजना मातांसाठी आहे. इथे एकाही बाईचं मूल तिचं नाही. शेजारपाजारची मुलं आणून बसवलेली आहेत, असा माझा समज झाला तर माझं काय चुकलं? मला हा वर्ग आजपासून बंद ठेवायला सांगावं लागेल. परीक्षेचं नंतर पाहू.

तेव्हा बायांना कळलं काय झालं ते. बाईंनी अदलाबदलीचं कारण सांगितलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, मग आत्ता आपापली मुलं घ्यायला सांगा, मी बघतो. साधी गोष्ट होती. पुष्पा अर्धी उठलीसुद्धा.

बाई म्हणाल्या, "बस. वर्ग चालू आहे."

"अवं बाई," पुष्पा म्हणाली, "माही दवाखान्याची जागा जाते ना."

"गणित नाही आलं तरी जाते. बस." मग साहेबांना म्हणाल्या की बाराला सुट्टी होते, तोवर बसा.

मला त्या वेळी बाईंचा राग आला होता. एवढ्या बायांचं सगळं टांगणीला लागलेलं आणि ह्यांचं नियमाचंच चालू. साहेब मात्र बसले. बाईंनी फळ्यावर काळ-कामाचं गणित घातलं. बारा व्हायला आले तशी लेकरं एकेक करून उठायला लागली. एक रडलं म्हणून दुसरं, दुसरं म्हणून तिसरं. आरासुद्धा ऐकू येईना. पुष्पाच्या समोरच, दुसरीच्या मांडीवर, तिचा मुलगा तिच्याकडे हात करून रडत होता. तिच्या पोलक्यावर ओल आली होती. बाई तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "रडू दे वं. उत्तर सांग."

पुष्पा उभी राहिली. हातातलं लेकरू हलवत, आपल्या मुलाकडे न बघता तिने उत्तर सांगितलं. बरोबर होतं. मग बाईंनी घंटा वाजवली.

पुढचं कोणाला सांगावं लागलं नाही. लेकरं रांगत, धडपडत, एकमेकांवरून आपापल्या आईकडे गेली, आया त्यांच्याकडे गेल्या, आणि पाहता पाहता प्रत्येक लेकरू एकेका पदराखाली गप्प झालं. साहेब पटकन भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर नकाशा होता. त्यांनी तो काश्मीरपासून वाचायला घेतला. बऱ्याच वेळाने, मान न वळवता, झालं का म्हणून विचारलं. शशिकला म्हणाली, "तुम्ही वाचा जी आरामात." तेव्हा साहेब भिंतीकडे बघूनच हसले. त्यांची पाठ हलताना सगळ्यांना दिसली.

वर्ग बंद झाला नाही. उलट साहेबांनी चांगला शेरा लिहिला, आणि वर लिहिलं की इतक्या लहान मुलांना वर्गात बसवणं बरं नाही, त्यांच्यासाठी शेजारी पाळणाघर करावं. सरकारचं काही लवकर आलेलं मी तेवढंच पाहिलं. आमच्या मशीनवरच्या फळ्यांचे पाळणे झाले, पलीकडची कोठी रिकामी झाली आणि लेकरं सांभाळायला मला ठेवलं.

बायांना फार बरं झालं. मांड्या मोकळ्या, गणितं भराभर. जवळजवळ सगळ्या पास झाल्या. पुष्पा दवाखान्यात लागली आणि तिची सासू सगळ्या इतवारीत सांगत फिरली की तिला मीच शिकवली. पुढच्या वर्षी नव्या बाया आल्या. त्यांना लेकरं बदलायची माहितीच नव्हती. बाई म्हणायच्या की आता खरा वर्ग झाला, आणि कोणी विचारलं तर साहेबांचं नाव चांगलंच घ्यायच्या. फळ्यावरच्या त्यांच्या ओळी आता सरळ असायच्या.

मधल्या सुट्टीत बाया पाळणाघरात येऊन लेकरांना पाजून जायच्या आणि अंगणात डबे सोडून बसायच्या. एकदा त्या अशा बाहेर असताना बाई पाळणाघराच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"कोणी उठलं का वं?"

"नाही जी. सगळे झोपले."

"झोपू दे," बाई म्हणाल्या, पण गेल्या नाहीत. पाळणे नीट टांगले आहेत का, कडी करकरते का, असं काहीबाही विचारत राहिल्या. सगळ्याला मी ठीक आहे म्हणाले. मग विचारायचं काही उरलं नाही तरी त्या उभ्याच होत्या.

माझ्या हातातल्या दोरीचं लेकरू जरा चाळवलं. दोन झोके दिले असते तर पुन्हा झोपलं असतं. मी दोरी सोडून दिली. त्याने तोंड वाकडं केलं आणि रडायला सुरुवात केली.

मी म्हणाले, बाई, घेता का जरा, मले पाणी भरायचं आहे.

हंडा भरलेलाच होता. मी तो उचलून नळावर नेला, ओतला, घासला, आणि नळ अगदी बारीक सोडून भरायला लावला.